बेरीज मांडणार कोण?

दिवाळीच्या सुट्टीत भाचा घरी आला होता. बंगळुरूला एका संगणक कंपनीत काम करणारा, पण वाचनाची आवड टिकवून असलेला मुलगा. फराळ आटोपल्यावर नेहमीप्रमाणे देशाच्या परिस्थितीवर गप्पा सुरू झाल्या. आरक्षण, भाषा, धर्म, धरणे, कारखाने असे एकेक विषय निघाले आणि प्रत्येक विषयावर घरातल्या चार माणसांची चार मते पडली. शेवटी भाचा म्हणाला, ‘‘मामा, प्रत्येकजण आपापली परंपरा घेऊन बसला, तर ही भांडणे कधीच मिटायची नाहीत. सगळ्यांना कळते अशी भाषा एकच आहे, सुख आणि दुःख. ते मोजा, बेरीज-वजाबाकी करा. ज्यात एकूण सुख जास्त, ते योग्य. बाकी सगळे पूर्वग्रह.’’ आणि जाताना तो एक पुस्तक माझ्या टेबलावर ठेवून गेला.

ते पुस्तक होते हार्वर्ड विद्यापीठातील मानसशास्त्राचे प्राध्यापक जोशुआ ग्रीन यांचे, ‘मॉरल ट्राइब्ज’. २०१३ साली प्रसिद्ध झालेले. मी ते दोनदा वाचले. पहिल्यांदा भाच्याच्या प्रेमाखातर आणि दुसऱ्यांदा रागाने.

ग्रीन यांचे म्हणणे थोडक्यात असे. निरनिराळ्या टोळ्यांनी आपापल्या कुरणात एकत्र राहण्याचे नियम शिकून घेतले. कुणी सगळे वाटून खातात, कुणी जो तो आपापले बघतो. टोळीच्या आत हे नियम चांगले चालतात. पण मधले जंगल जळून तिथे नवे कुरण उगवले आणि सर्व टोळ्या तिथे येऊन भिडल्या की प्रत्येकीला आपलेच नियम धर्म्य वाटतात. आजचा दुभंगलेला समाज म्हणजे हे नवे कुरण. तिथे टोळीची सहजबुद्धी कामाची नाही. छायाचित्रकार जसा स्वयंचलित कॅमेरा बाजूला ठेवून हाताने जुळणी करतो, तसे थंड डोक्याने विचार करून सर्वांना चालेल असे एकच नैतिक चलन वापरावे. ते चलन कोणते? तर दोनशे वर्षांपूर्वी जेरेमी बेंथॅम आणि जॉन स्टुअर्ट मिल यांनी पाडलेले उपयुक्ततावादाचे नाणे. प्रत्येकाचे सुख सारखेच मोलाचे, आणि ज्या कृतीने एकूण सुख वाढते ती योग्य.

हा विचार वेडगळ नाही, हे आधीच मान्य करतो. आमच्याकडील काही मंडळी पाश्चात्त्य म्हटले की वाचण्याआधीच हात झटकतात. तो आळस आहे. बेंथॅम काही सैतान नव्हता. ज्या काळी इंग्लंडात किरकोळ चोरीसाठी माणसाला फासावर चढवीत, त्या काळी ‘या शिक्षेने कुणाचे भले होते?’ हा साधा प्रश्न त्याने विचारला आणि निर्दय कायद्यांचा पाया हलवला. मुक्या प्राण्यांच्या वेदनेलाही हिशेबात जागा असावी, असे त्याने म्हटले. मिलने १८६७ साली ब्रिटिश संसदेत स्त्रियांच्या मताधिकाराची दुरुस्ती मांडली. आपल्या महाराष्ट्रात आगरकरांसारखा निःस्पृह माणूस मिल आणि स्पेन्सर वाचून उभा राहिला आणि त्याने बालविवाहापासून केशवपनापर्यंतच्या रूढींना जो जाब विचारला, तो विचारणे आवश्यकच होते. एखाद्या रूढीने कुणाचे काय भले होते, हा प्रश्न समाजाने स्वतःला विचारलाच पाहिजे. उपयुक्तता ही कसोटी म्हणून चांगली आहे. प्रश्न आहे तो तिला पाया करण्याचा.

कारण कोणतीही बेरीज करण्यापूर्वी तीन गोष्टी ठरवाव्या लागतात. मोजायचे काय? मोजायचे कुणाला? आणि वही कुणाच्या हातात? समाज दुभंगलेला आहे याचा अर्थच असा की या तीन प्रश्नांवर एकमत नाही. ज्यांच्यात एकमत नाही त्यांना ‘बेरीज करा, भांडण मिटेल’ असे सांगणे म्हणजे, ज्या भावांचे घराच्या हद्दीवरून वैर आहे त्यांना ‘आधी घर मोजून घ्या’ असे सांगण्यासारखे आहे. मोजणीची साखळी कुठे धरायची, यावरच तर कोर्टात दावा चालू असतो.

मोजायचे काय, हा पहिला प्रश्न खुद्द गुरु-शिष्यांत सुटला नाही. बेंथॅमच्या लेखी सुखाचे प्रमाण सारखे असेल, तर पोरांचा खेळ आणि उत्तम काव्य यांत फरक नव्हता. मिल त्याच तालमीत वाढला. बापाने, जेम्स मिलने, वयाच्या तिसऱ्या वर्षापासून ग्रीक शिकवून त्याला सुखाचे गणित मांडणारे यंत्र बनवायला घेतले होते. विसाव्या वर्षी त्या यंत्राचे चाक थांबले. आपण योजलेल्या सर्व सुधारणा आज अमलात आल्या तर आपल्याला आनंद होईल का, असे त्याने स्वतःला विचारले आणि आतून ‘नाही’ असे उत्तर आले. त्या विषण्णतेतून तो बाहेर आला तो वर्ड्‌स्वर्थच्या कवितांच्या आधाराने. पुढे मिलने सांगितले की काही सुखे उच्च दर्जाची असतात आणि काही हीन, आणि दोन्ही अनुभवलेल्या जाणत्यांनी तो दर्जा ठरवावा. उत्तम. पण मग पाया सुखाचा राहिला कुठे? तो जाणत्यांच्या विवेकाचा झाला. तराजूत काय घालायचे हे जो सांगतो, तोच खरा न्यायाधीश असतो. तराजू नव्हे.

दुसरा आणि तिसरा प्रश्न आपल्या देशाने अंगावर झेलला आहे. आमच्या सुशिक्षित तरुणांना हे ठाऊक नसते, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

उपयुक्ततावाद हे केवळ ग्रंथातले तत्त्वज्ञान नव्हते. ते ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत नोकरीला होते. जेम्स मिलने १८१७ साली ब्रिटिश हिंदुस्थानचा इतिहास प्रसिद्ध केला. हिंदुस्थानात पाऊल न टाकता, इथली एकही भाषा न शिकता. आणि हे वैगुण्य नसून निःपक्षपातीपणासाठी उपकारकच आहे, असे त्याने प्रस्तावनेत समर्थनही केले. उपयुक्ततेची पट्टी लावून त्याने या देशाची संस्कृती मोजली आणि ती रानटी पातळीची ठरवली. या पुस्तकाच्या बळावर त्याला कंपनीत जागा मिळाली, आणि हिंदुस्थानात येणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या कित्येक पिढ्या हेच पुस्तक वाचून आल्या. त्याचा मुलगा १८२३ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी त्याच कचेरीत रुजू झाला आणि १८५८ साली कंपनीचा कारभार संपेपर्यंत तिथे राहिला. पुढच्याच वर्षी या थोर उदारमतवाद्याने स्वातंत्र्यावरील आपला विख्यात निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या पहिल्याच प्रकरणात एक कलम आहे. हे स्वातंत्र्य मागासलेल्या समाजांना लागू नाही, त्यांच्या सुधारणेचा हेतू असेल तर त्यांच्यावर एकतंत्री सत्ता चालवणे रास्त आहे. म्हणजे स्वातंत्र्याच्या महामंदिराच्या पायरीवरच पाटी: तुम्ही बाहेर थांबा.

हा ढोंगीपणा होता असे मी म्हणत नाही. मिल प्रामाणिक होता, आणि म्हणूनच हे उदाहरण मोलाचे आहे. बेरजेचे शास्त्र प्रामाणिक माणसाच्या हाती असतानाही एक अख्खा देश ‘मोजला जाणारा’ ठरला, ‘मोजणारा’ नव्हे. प्रत्येकाचे सुख सारखे मोलाचे, हे सूत्र कागदावर तसेच होते. फक्त आमचे सुख कशात आहे हे लंडनला ठरत होते.

वही परक्याच्या हाती असली की काय होते, त्याचा दाखला दूर शोधायला नको. १८७३-७४ साली बिहारमध्ये दुष्काळ पडला, तेव्हा सर रिचर्ड टेंपल यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणून लोक जगवले. मृत्यू फारच थोडे झाले. त्याबद्दल साहेबांना शाबासकी मिळाली का? नाही. खर्च फार केला म्हणून टीका झाली. साहेब धडा शिकले. १८७७च्या भीषण दुष्काळात त्यांनी काटकसरीचे गणित मांडले, आणि दुष्काळी कामावर राबणाऱ्या माणसाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा अशी मजुरी बांधून दिली. आपल्या मुंबई इलाख्यात मजुरांनी या दरावर काम करण्यापेक्षा काम सोडून जाणे पत्करले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याची नोंद सरकारपुढे ठेवली. टेंपलसाहेबांनी बेंथॅमचे पुस्तक उशाला घेऊन हे केले असे नव्हे. परंतु माणूस किती धान्यावर जगतो आणि तेवढ्यात तिजोरीचे किती वाचते, हा हिशेब माणसाशी नाते नसलेल्याच्या हाती गेला की तो इथवर येतो. त्यात आकडे चुकीचे असण्याची गरज नसते.

ग्रीन आणि त्यांचे अनुयायी यावर म्हणतील, तो परकीय राज्याचा अन्याय होता, खऱ्या बेरजेत गोऱ्या-काळ्याचे माप एकच असते. मान्य. मग राज्य कुणाचेही असो, आपल्याच माणसांनी आपल्याच माणसांसाठी केलेल्या बेरजेकडे वळू.

पुण्याहून ताम्हिणी घाटाकडे जाताना मुळशीचा जलाशय लागतो. पावसाळ्यात तिथे पर्यटकांची गर्दी असते. भजी खात छायाचित्रे काढणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असते की या पाण्याखाली मावळातली गावे, देवळे आणि आंबेमोहोराची खाचरे आहेत? पहिल्या महायुद्धानंतर टाटांच्या वीज कंपनीने निळा-मुळेच्या संगमापाशी धरण बांधायला घेतले. हे पाणी सह्याद्रीवरून खाली भिऱ्याला सोडून वीज करायची आणि ती मुंबईला न्यायची, अशी योजना. बेरीज निर्विवाद होती. एका पारड्यात मुंबईच्या गिरण्या, कामगार, आगगाड्या, कोळशाची बचत, स्वदेशी उद्योगाची भरभराट. दुसऱ्या पारड्यात काही हजार मावळे. सरकारने १८९४चा भूसंपादन कायदा वापरला, ज्याच्यात ‘सार्वजनिक प्रयोजन’ हे दोन शब्द म्हणजे सगळी कुलुपे उघडणारी किल्ली होती. पुण्या-मुंबईच्या कित्येक देशभक्तांनाही ही बेरीज पटली. टाटा तर आपलेच, देशाला वीज हवीच, मग मूठभरांनी थोडे सोसायला काय हरकत आहे?

१९२१च्या रामनवमीला मावळे धरणाच्या जागी जाऊन बसले. पांडुरंग महादेव बापट त्यांच्यात उतरले आणि या लढ्याने त्यांना ‘सेनापती’ केले. बापटांनी विजेचे फायदे नाकारले नव्हते. ते स्वतः विलायतेत शिकलेले, यंत्र म्हणजे काय हे जाणणारे. त्यांचे म्हणणे वेगळेच होते. या लोकांना कुणी विचारले का? ज्याची जमीन आहे त्याने दिली तर ते दान किंवा विक्री, हिसकावली तर ती लूट. लुटीचा माल मग हजार लोकांत वाटा की लाखात, तिचा दान होत नाही. लढा तीनएक वर्षे चालला आणि हरला. बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली. सावकारांनी गहाणखतांच्या जोरावर नुकसानभरपाईचा लचका तोडला आणि कूळ रिकाम्या हाताने उठले, ही त्यातली आणखी एक बोचरी बाब.

स्वातंत्र्यानंतर वही आपल्या हाती आली. कोयना धरण झाले. महाराष्ट्राच्या घराघरांत दिवे लागले, आणि तो अभिमान खोटा नाही. पण प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्राने केला तो १९७६ साली. कोयनेच्या भिंतीमागे पाणी साठू लागल्याला तेव्हा दशकाहून अधिक काळ उलटला होता. एवढा काळ त्या माणसांना बेरजेत धरले नव्हते का? धरले होते की. वजाबाकीच्या रकान्यात. एकदा वजा केले आणि उत्तर तरीही अधिक आले, की वजा केलेल्या आकड्याकडे पुन्हा वळून पाहण्याचे कारण बेरजेला उरत नाही. हा तिच्या अंमलबजावणीतला दोष नव्हे, तिचा स्वभावच तो आहे. १८९४चा तो कायदा अखेर २०१३ साली बदलला. नव्या कायद्यात खासगी प्रकल्पासाठी ८० टक्के आणि सरकारी-खासगी भागीदारीसाठी ७० टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते. मुळशीच्या मावळ्यांचा प्रश्न कायद्याच्या पुस्तकात उतरायला नव्वदहून अधिक वर्षे लागली, आणि तोही अर्धामुर्धाच उतरला. कारण सरकार स्वतः स्वतःसाठी जमीन घेते तेव्हा ही संमती लागत नाही.

आता थोडे पश्चिमेकडे जाऊ, कारण ज्यांनी हे नाणे पाडले त्यांच्या बाजारात ते कसे चालते हेही पाहिले पाहिजे. अमेरिकेतील ऑरेगॉन राज्याने गरिबांच्या औषधोपचारासाठी, पैसा अपुरा म्हणून, कोणत्या उपचाराने किती ‘चांगले आयुष्य’ पदरात पडते याची क्रमवारी लावली. त्यासाठी लोकांना दूरध्वनी करून विचारले, अमुक व्यंग असलेले आयुष्य तुम्हांला किती वाईट वाटते? धडधाकट माणसे सांगणार ते सांगून मोकळी झाली. १९९२ साली केंद्र सरकारने ही योजना परत पाठवली, कारण अपंगांच्या आयुष्याचे मोल तीत आधीच कमी धरले गेले होते आणि ते अपंगांच्या हक्कांच्या कायद्याविरुद्ध होते. पुढच्या वर्षी बदल करून ती मंजूर झाली. इथे बेरजेला कुणी रोखले, हे लक्षात घ्या. दुसऱ्या अधिक अचूक बेरजेने नव्हे. काही गोष्टी बेरजेत घालायच्याच नाहीत, असे सांगणाऱ्या कायद्याने.

२००१ साली चेक प्रजासत्ताकात याहून भयंकर विनोद घडला. फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीने एका सल्लागार संस्थेकडून अहवाल करवून घेतला. निष्कर्ष असा, की धूम्रपानामुळे चेक सरकारचा फायदाच होतो. कर तर मिळतोच, शिवाय माणसे लवकर मरत असल्याने निवृत्तिवेतन आणि म्हातारपणीच्या औषधपाण्याचा खर्च वाचतो. जगभर छी-थू झाली आणि कंपनीला क्षमा मागावी लागली. उपयुक्ततावादी म्हणतील, ही तिजोरीची बेरीज होती, सुखाची नव्हे. खरे आहे. परंतु तो अहवाल वाचून जगाला जी शिसारी आली, ती आकडेमोड तपासून आली नव्हती. ती ज्या सहजबुद्धीतून आली, तिलाच ग्रीन महाशय टोळीची सवय म्हणतात. मला ती माणुसकी वाटते.

आणि अगदी अलीकडचे. जास्तीत जास्त लोकांचे भले करायचे तर आधी जास्तीत जास्त पैसा मिळवावा, असे गणित मांडणाऱ्या पंथाचा लाडका तरुण सॅम बँकमन-फ्रीड. त्याची आभासी चलनाची कंपनी नोव्हेंबर २०२२ मध्ये कोसळली. ठेवीदारांच्या पैशाला हात लावल्याबद्दल त्याला न्यायालयाने २०२३ साली दोषी ठरवले आणि पुढील वर्षी २५ वर्षांची शिक्षा दिली. तत्त्वज्ञान त्याच्या गुन्ह्याला जबाबदार आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल, भामटे प्रत्येक पंथात असतात. एवढेच म्हणतो, की ज्या पंथात सचोटी हीसुद्धा बेरजेतली एक रक्कम असते, तिथे भामट्याला सबब शोधायला लांब जावे लागत नाही.

हे वाचताना मला वारंवार वाटत होते की हा प्रसंग आपण आधी कुठेतरी वाचला आहे. मग आठवले, आणि कपाटातून ‘गीतारहस्य’ काढले.

आमच्या घरांतून हा ग्रंथ असतो. पूजेच्या खोलीत किंवा काचेच्या कपाटात. उघडला जात नाही, ही गोष्ट वेगळी. टिळकांनी तो मंडालेच्या तुरुंगात १९१०-११च्या हिवाळ्यात लिहिला, आणि १९१५ साली तो प्रसिद्ध झाला. त्यातील चौथे प्रकरण, ‘आधिभौतिक सुखवाद’, हे बेंथॅम, मिल आणि सिज्विक यांच्याशी सरळ सामना आहे. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी एका मराठी कैद्याने ‘पुष्कळांचे पुष्कळ सुख’ या सूत्राची जी चिकित्सा केली, तिचे उत्तर हार्वर्डच्या पुस्तकात मला सापडले नाही.

टिळक विचारतात, कौरवांची सेना अकरा अक्षौहिणी, पांडवांची सात. मग केवळ संख्येवरून पांडवांचा पक्ष अन्यायाचा म्हणायचा काय? ते अमेरिकेतल्या एका शहराचे उदाहरण देतात. ट्राम हवी होती, परवानगी मिळेना, व्यवस्थापकाने अधिकाऱ्यांना लाच दिली, ट्राम झाली, सगळ्या शहराची सोय झाली. पुढे लाच उघडकीस आली, खटला झाला. पहिल्या पंचांचे एकमत होईना. दुसऱ्या पंचांनी त्याला दोषी ठरवले. पुष्कळांचे पुष्कळ सुख तर झाले होते! मग दोष कशाचा? तर कृत्यामागील बुद्धीचा. बाहेरचा परिणाम मोजता येतो, म्हणून तोच नीतीचे मूळ मानणे ही चूक, असे टिळक सांगतात.

पण त्यांचा सर्वांत खोल घाव याहून निराळा आहे. पुष्कळांच्या सुखासाठी मी माझे सुख का सोडावे? या प्रश्नाला सुखाच्या बेरजेत उत्तर नाही. बेरीज फार तर सांगेल की तुझ्या त्यागाने एकूण आकडा वाढतो. त्या आकड्याशी माझा संबंध काय, हे ती सांगू शकत नाही. तो संबंध, दुसऱ्याच्या ठायी आपल्यालाच पाहणारी आत्मौपम्याची बुद्धी, आधी असावी लागते. टिळकांना सर्वभूतहित अमान्य नव्हते. ते झाडाचे फळ आहे, मूळ नव्हे, एवढेच त्यांचे सांगणे.

इथे मला घरची गोष्ट सांगितली पाहिजे. आम्ही चार भावंडे. तिसरा भाऊ जन्मतःच मतिमंद. वडील कारकून. महिन्याचे पैसे मोजून-मापून असत, आणि आई हिशेबाची अत्यंत काटेकोर होती. दुधाच्या हिशेबाची तिची वही आजही माझ्याकडे आहे. त्या वहीवरून स्पष्ट दिसते की घरातला सर्वांत जास्त पैसा, जास्त दूध आणि जास्त वेळ त्या भावावर खर्च झाला. माझ्या थोरल्या बहिणीला बाहेरगावी शिकायला पाठवता आले नाही. ग्रीन यांचे सूत्र लावले, तर तोच पैसा बहिणीच्या शिक्षणावर घालणे अधिक सुखकारक ठरले असते, याबद्दल मला शंका नाही. बहिणीला त्याचे दुःख झाले, आणि ते ती बोलून दाखवत असे. आईने हिशेब केला नाही असे नाही. तो ती रोज करत असे. पण कुणाला मोजायचे, हा प्रश्न त्या हिशेबात नव्हता. तो वही उघडण्याच्या आधीच सुटलेला होता.

कुटुंब म्हणजे समाज नव्हे, हे मला कळते. आणि आता जे सांगणार आहे ते आपल्याच वाचकांना टोचेल, तरी सांगतो. आत्मौपम्याची भाषा तोंडी असलेल्या आपल्या समाजाने शतकानुशतके गावकुसाबाहेरच्या माणसाला मोजलेच नाही. त्याला वजाबाकीच्या रकान्यातसुद्धा घेतले नाही. पाणवठ्यावर त्याच्या तहानेचे मोल शून्य होते. अशा समाजाने बेंथॅमला नाके मुरडावीत, हे शोभत नाही. बेंथॅमच्या बेरजेत निदान प्रत्येकाला एक आकडा मिळतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी म्हणूनच उपयुक्ततेची कसोटी टाकून दिली नाही. त्यांनी ती वापरली, मात्र न्यायाच्या कसोटीसोबत. आणि २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतल्या भाषणात त्यांनी बजावले, की बंधुता नसेल तर स्वातंत्र्य आणि समता ही वरवरची रंगरंगोटी ठरेल. त्यांच्यासमोर जगातला सर्वांत दुभंगलेला समाज होता. त्याला सांधण्यासाठी त्यांनी बेरजेचे सूत्र पुढे केले नाही. त्यांनी मागितली बंधुता, आणि ती येईपर्यंतच्या काळासाठी बहुमताला ओलांडता येणार नाहीत असे मूलभूत हक्क घटनेत लिहून ठेवले. एकटा नागरिक बत्तिसाव्या कलमाने सर्वोच्च न्यायालयाच्या दारात उभा राहू शकतो. तिथे त्याला ‘तुझ्या विरुद्ध किती जण आहेत?’ असे विचारले जात नाही.

गांधीजींनी १९०८ साली रस्किनच्या पुस्तकाचा गुजराती सारांश ‘सर्वोदय’ नावाने लिहिला, तेव्हा आरंभच या बहुसंख्येच्या सुखवादावरील आक्षेपाने केला होता. टिळक, गांधी आणि आंबेडकर. यांचे आपसांत कितीतरी गोष्टींवर जमत नसे. या एका बाबतीत मात्र तिघांनीही वेगवेगळ्या वाटांनी जाऊन ते नाणे वाजवून पाहिले आणि नुसत्या त्याच्यावर संसार चालणार नाही, असेच ठरवले. आज आमची मुले तेच नाणे नवे कोरे म्हणून घरी आणतात. दोष मुलांचा नाही. आपण कपाट उघडले नाही.

हे सगळे मी भाच्याला दूरध्वनीवर सांगितले. अर्थात इतक्या शिस्तीत नव्हे. तो शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, ‘‘मग मामा, मुळशीचे धरण बांधायलाच नको होते का?’’ प्रश्न रास्त होता. मी म्हटले, कदाचित बांधायला हवे होते. पण ते मावळ्यांच्या दारात जाऊन, ‘तुम्ही आमचे आहात, म्हणून मागायला आलो’ असे म्हणून. आणि त्यांनी नाही म्हटले तर परत येण्याची तयारी ठेवून. ‘‘मग ते कधीच झाले नसते,’’ तो म्हणाला. शक्य आहे. पण रामनवमीला धरणावर जाऊन बसलेल्या माणसांकडे कुणी तशा रीतीने गेलेच नव्हते, त्यामुळे ते काय म्हणाले असते हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

त्याचे पुस्तक मी टपालाने परत पाठवले आहे. सोबत ‘गीतारहस्य’ची माझी जुनी प्रत, चौथ्या प्रकरणात खूण घालून. पुट्ठा निखळला आहे, जपून हाताळ, असे चिठ्ठीत लिहिले. वाचून झाले की भांडायला येतो, असा त्याचा निरोप आला आहे.